पत्र्याची शेड : आधी पाया, मग पत्रा

घर बांधून झाले, रंगरंगोटी झाली, अंगणात तुळस लागली, की काही वर्षांतच घरातील वस्तूंना घर अपुरे पडू लागते. नवी मोटार येते आणि उन्हापावसात उभी राहते. शेतघरात खतांची पोती, फवारणीचा पंप, पाइपांची भेंडोळी आणि अवजारे ओसरीवर पसरतात. मग कुणीतरी सुचवते, "एक पत्र्याची शेड टाकून घ्या." इंदूर-वडोदऱ्यातील बंगला असो, हैदराबादच्या उपनगरातील रो-हाउस असो, बेळगावजवळचे शेतघर असो अथवा रत्नागिरीतील वाडी असो, हा सल्ला सर्वत्र सारख्याच सहजतेने दिला जातो आणि तितक्याच सहजतेने अमलातही येतो. घराच्या बांधकामासाठी वास्तुविशारद, अभियंता, नकाशा आणि मंजुरी यांची वाट पाहणारा गृहस्थ शेडचा निर्णय मात्र फॅब्रिकेटरशी झालेल्या अर्ध्या तासाच्या बोलण्यात घेऊन टाकतो. त्या बोलण्यात विषय दोनच असतात : पत्र्याचा रंग आणि चौरस फुटाचा दर.

वास्तविक, शेडचे आयुष्य या दोन्हींवर फारसे अवलंबून नसते. ते अवलंबून असते वाऱ्यावर, पाण्यावर आणि गंजावर. आणि या तिघांत पहिला मान वाऱ्याचा. घराच्या स्लॅबला स्वतःच्या वजनाचा भार पेलावा लागतो. पत्र्याच्या शेडची गोष्ट नेमकी उलटी आहे. ती इतकी हलकी असते, की तिला खाली कोसळण्यापेक्षा वर उडून जाण्याचे भय अधिक. म्हणूनच शेडची निवड वरून खाली नव्हे, तर खालून वर करावी. प्रथम पाया, मग खांब, त्यानंतर सांगाडा आणि सर्वांत शेवटी पत्रा, हाच क्रम योग्य ठरतो.

गरज निश्चित करावी

शेड कशासाठी हवी, या प्रश्नाचे उत्तर जितके नेमके, तितका पुढचा खर्च आटोक्यात राहतो. केवळ मोटारीसाठी छत्र हवे असेल, तर चारही बाजूंनी मोकळी पार्किंग शेड पुरते. भारतातील लहान मोटारींची लांबी चार मीटरच्या आत आणि रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते. तथापि, दोन्ही बाजूंची दारे उघडता यावीत आणि तिरप्या पावसाची झड आत येऊ नये, यासाठी तीन मीटर रुंद व साडेपाच मीटर लांब अशी जागा धरणे सोयीचे. उद्या मोठी गाडी घेण्याचा विचार असेल, तर त्या गाडीचे माप आजच धरावे. कारण काँक्रीटमध्ये रोवलेले खांब नंतर सरकवता येत नाहीत.

अवजारे आणि अडगळ ठेवण्यासाठी बंदिस्त कोठी हवी. तिथे दाराची रुंदी, कुलपाची सोय आणि जमिनीपासूनची उंची हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. खतांची पोती ठेवायची असतील, तर अधिक सावधगिरी हवी. युरियासारखी खते हवेतील ओलावा शोषून घेतात आणि सांडलेले खत ओलाव्याशी मिळून लोखंडाला झपाट्याने गंज चढवते. अशा कोठीत पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत आणि खांबांचा खालचा भाग काँक्रीटच्या कट्ट्यावर घ्यावा. कांद्याच्या साठवणुकीसाठी मात्र उघड्या पत्र्याचे छप्पर सोयीचे नाही. नाशिक परिसरातील कांदाचाळींना हवा खेळती ठेवणाऱ्या भिंती आणि आतली उष्णता न वाढवणारे छप्पर लागते, म्हणून मंगळुरी कौलांसारखे छप्पर तिथे अधिक उपयुक्त ठरते. सारांश, "शेड" हा शब्द एक असला, तरी प्रत्येक वापराची शेड वेगळी असते.

वाऱ्याचा हिशेब

भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. ८७५ या मानकाच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा दिलेला आहे. त्यात भारताची सहा विभागांत वाटणी केली असून, प्रत्येक विभागासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ठरवून दिला आहे. तो सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत जातो. बंगळूर आणि म्हैसूर ३३ च्या विभागात येतात. पुणे, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), पणजी, भोपाळ आणि अहमदाबाद ३९ च्या विभागात आहेत. मुंबई, नागपूर, सुरत, वडोदरा आणि हैदराबाद ४४ च्या, तर दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी ४७ च्या विभागात मोडतात. चेन्नई, कोलकाता, भुवनेश्वर, विशाखापट्टणम आणि भुज यांच्यासाठी हा आकडा ५० आहे. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. असा झोत रोज येत नाही. तो अनेक वर्षांतून एखादे वेळी येतो. पण शेडला तो एकच पुरेसा असतो.

या वेगाचे दाबात रूपांतर करण्याची रीत सोपी आहे. वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले, की प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा दाब न्यूटनमध्ये मिळतो. या रीतीने पुण्यातील दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो, मुंबई-नागपुरात सुमारे ११८ किलो आणि चेन्नई-कोलकात्यात सुमारे १५३ किलो वजनाइतका येतो. वेग थोडा वाढला, तरी दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ही गोष्ट येथे ध्यानी घ्यावी.

आता मोकळ्या पार्किंग शेडचा विचार करू. वारा पत्र्याच्या खाली शिरून त्याला वर ढकलतो, तर पत्र्यावरून वेगाने वाहणारा वारा त्याला वर ओढतो. वर उचलणारा हा एकत्रित जोर पूर्ण दाबाइतका धरला, तर तीन बाय साडेपाच मीटरच्या, म्हणजे साडेसोळा चौरस मीटरच्या शेडवर पुण्यात सुमारे दीड टन, मुंबईत सुमारे दोन टन आणि चेन्नईत अडीच टनांचा जोर येईल. याउलट अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचे एकूण वजन पाऊणशे किलोच्या आसपास भरते आणि सांगाड्याचे सुमारे दोनशे किलो. उरलेला जोर कोणी रोखायचा? तो रोखायचा पायाने.

हा हिशेब ढोबळ आहे. शेडची उंची, छपराचा उतार आणि आजूबाजूची बांधकामे पाहून अभियंता तो कमी-अधिक करील. दाट वस्तीत वारा अडतो हे खरे. पण दोन इमारतींमधल्या बोळात तोच वारा अधिक वेगाने घुसतो. तेव्हा "आमच्या गल्लीत वारा लागत नाही" एवढ्यावर विसंबणे बरे नव्हे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांवरचे आणि शेडवरचे पत्रे उडून जाण्याचे प्रकार गावोगावी घडले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने कोकण व गोव्याच्या किनाऱ्याला झोडपून सौराष्ट्र गाठले. उडालेल्या पत्र्याने केवळ मालकाचे नुकसान होत नाही. धारदार कडांचा तो पत्रा शेजाऱ्याच्या खिडकीवर, विजेच्या तारांवर अथवा रस्त्यावरच्या माणसावर जाऊन आदळू शकतो. शेड घट्ट रोवणे हा त्यामुळे काटकसरीचा नव्हे, तर जबाबदारीचा विषय होतो.

पाया आणि खांब

काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते. खांबाखाली ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो काँक्रीटने भरला, तर एका पायाचे वजन सुमारे २९० किलो आणि चार पायांचे मिळून साडेअकराशे किलोंच्या आसपास होते. वरच्या उदाहरणातील शेडसाठी हे पुण्यातही थोडे अपुरे पडते. तोच खड्डा तिन्ही मापांनी ६० सेंटिमीटरचा घेतला, तर प्रत्येक पाया पाचशे किलोंच्या पुढे जातो आणि चार पाये मिळून दोन टनांचा अँकर तयार होतो. पूर्व किनाऱ्यावर मात्र सहा खांब घेणे किंवा पाये आणखी मोठे करणे आवश्यक ठरेल. खड्ड्याच्या मापातील पंधरा सेंटिमीटरच्या फरकाने काँक्रीटचा खर्च थोडाच वाढतो. सुरक्षितता मात्र जवळपास दुप्पट होते.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खांबाची बेस प्लेट फरशीवर अथवा पेव्हर ब्लॉकवर ठेवून चार लहान बोल्ट ठोकले जातात. पाच-सात सेंटिमीटर जाडीची फरशी म्हणजे पाया नव्हे. वाऱ्याच्या जोराने बोल्ट फरशीसकट उपटून येतात. फरशी काढून, खड्डा घेऊन आणि काँक्रीटमध्ये लांब अँकर बोल्ट आधीच बसवून त्यांवर बेस प्लेट आवळणे, ही योग्य पद्धत. काळ्या मातीच्या भागात ही काळजी दुपटीने घ्यावी. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे उथळ पाये हलतात. अशा ठिकाणी पाया खाली मुरमापर्यंत नेण्याचा सल्ला अभियंते देतात.

गच्चीवरील शेडचा प्रश्न आणखी नाजूक आहे. जमिनीपासून जितके उंच जावे, तितका वारा वाढतो आणि तिथे खड्डा घेण्याची सोय नसते. गच्चीचा विटांचा कठडा हा आधार धरता येत नाही. खांब इमारतीच्या तुळया व स्तंभ यांवर येतील अशा रीतीने आखावेत आणि भोके पाडताना जलरोधक थर फुटला, तर तो त्याच वेळी पूर्ववत करून घ्यावा. एका बाजूलाच खांब आणि दुसरी बाजू अधांतरी, अशी शेड दिसायला देखणी आणि गाडी लावायला सोयीची असते. परंतु तिच्या पायावर दुहेरी ताण येतो : वर उचलणारा आणि उलथवणारा. अशी रचना अभियंत्याच्या आकडेमोडीशिवाय करू नये.

सांगाडा वजनाने पारखावा

बाजारात चौकोनी पोकळ पाइपांना "बॉक्स पाइप" म्हणतात. ५० बाय ५० मिलिमीटरचा बॉक्स पाइप बाहेरून सारखाच दिसतो. पण त्याच्या भिंतीची जाडी दोन मिलिमीटर असेल, तर एका मीटरचे वजन सुमारे तीन किलो भरते आणि १.६ मिलिमीटर असेल, तर सुमारे २.४ किलो. रंग दिल्यावर हा फरक डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतो. म्हणून माल आल्यावर एक पाइप वजन करून पाहावा. दरपत्रकातही केवळ "५० बाय ५०" असे न लिहिता जाडी लिहून घ्यावी.

पोकळ पाइपाचा शत्रू त्याच्या आतच दडलेला असतो. उघड्या तोंडातून पाणी आत शिरले, की गंज आतून सुरू होतो आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाच पाइप पोखरला जातो. प्रत्येक पाइपाचे तोंड वेल्डिंगने बंद केलेले असावे. वेल्डिंगच्या जागा खरवडून, त्यांवर प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. खांब काँक्रीटमधून बाहेर येतो, तिथे पाणी साचून सर्वांत आधी गंज धरतो. त्यासाठी काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा वर घेऊन त्याला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा.

पत्र्याची पारख

पन्हळी पत्र्याचा इतिहास दोनशे वर्षांच्या घरात जातो. १८२९ मध्ये हेन्री रॉबिन्सन पामर या ब्रिटिश अभियंत्याने लंडनच्या गोदीतील कामासाठी लोखंडी पत्र्याला पन्हळी देण्याची कल्पना मांडली. घडी घातलेला कागद जसा ताठ राहतो, तसाच पन्हळींमुळे पातळ पत्राही ताठ राहतो. त्यानंतर १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. या दोन कल्पना एकत्र आल्या आणि पत्रा जगभर गेला.

जस्ताचा लेप लोखंडाला नुसता झाकत नाही, तर लोखंडाआधी स्वतः झिजून त्याला वाचवतो. म्हणूनच लेप जितका जाड, तितके पत्र्याचे आयुष्य अधिक. हा लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅम, या मापाने सांगितला जातो. १२० ग्रॅम लेपाचा पत्रा एका बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन जस्त बाळगतो. २७५ ग्रॅमचा पत्रा सुमारे एकोणीस मायक्रॉन. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चकाकतात. आय.एस. २७७ हे जस्तलेपित पत्र्याचे भारतीय मानक आहे. पत्र्यावर ते छापलेले आहे का, हे पाहावे.

दुसरा पर्याय ॲल्युमिनियम व जस्त यांच्या मिश्र लेपाचा. त्यात साधारण ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांहून थोडे अधिक जस्त आणि उरलेले सिलिकॉन असते. सामान्य हवामानात हा पत्रा अधिक टिकतो. तथापि, त्याच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. ओल्या सिमेंटचा स्पर्श त्याला सोसत नाही. भिंतीला गिलावा करताना उडालेले शिंतोडे लगेच पुसावेत. तसेच गोठ्यातील मलमूत्रापासून सुटणारा अमोनिया त्या लेपाला अपाय करतो, म्हणून बंदिस्त गोठ्यासाठी तो निवडू नये. समुद्रकिनाऱ्यालगत खारी हवा कोणत्याही लेपाचे आयुष्य कमी करते. उत्पादकाच्या हमीपत्रात समुद्रापासूनच्या अंतराची अट असते, ती खरेदीपूर्वी वाचावी. किनाऱ्यालगतच्या घरांनी निव्वळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचाही विचार करावा.

जाडीबाबत एक बारकावा आहे. "अर्धा मिलिमीटर" म्हणजे लेप आणि रंग धरून अर्धा, की आतले पोलाद अर्धा मिलिमीटर? दोन्हींत फरक पडतो. पत्र्याची ताकद पोलादाच्या जाडीवर ठरते. दरपत्रकात हे स्पष्ट लिहून घ्यावे. माल आल्यावर पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवू नयेत. दोन पत्र्यांत अडकलेल्या पाण्याने जस्तावर पांढरी भुकटी चढते आणि लेप वापरापूर्वीच खर्ची पडतो. पत्रा ग्राइंडरने कापला, तर उडालेल्या तप्त ठिणग्या लेपावर चिकटून गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून शक्य तेथे कातरीने कापण्याचा आग्रह धरावा.

स्क्रू, उतार आणि पन्हळ

वारा पत्रा उपटतो तो बहुधा स्क्रूपाशी. आणि हा जोर छपराच्या मध्यभागापेक्षा कडांवर व कोपऱ्यांवर अधिक असतो. म्हणून कडांच्या आणि कोपऱ्यांच्या रांगांत स्क्रूंमधले अंतर निम्मे ठेवावे. स्क्रूखाली ईपीडीएम रबराचा वॉशर असावा. स्क्रू इतका आवळू नये की वॉशर चेपून फाटेल, आणि इतका ढिला ठेवू नये की पाणी शिरेल. स्क्रूवरचा लेपही पत्र्याच्या तोडीचा हवा. एरवी पत्रा शाबूत राहतो आणि स्क्रू गंजून जातो.

उतार दर मीटरमागे किमान दहा सेंटिमीटर असावा. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात सतरा-अठरा सेंटिमीटर. पत्रे जिथे एकमेकांवर येतात, तिथे लांबीच्या दिशेने किमान पंधरा सेंटिमीटर जोड ठेवावा. पाणी कुठे जाणार, हेही आधी ठरवावे. तासात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेसोळा चौरस मीटरच्या शेडवरून सव्वाआठशे लिटर पाणी उतरते. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पडले, तर वर्षानुवर्षांचा स्नेह एका पावसाळ्यात आटतो. पन्हळ लावून तेच पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात सोडले, तर उन्हाळ्यात बागेला उपयोगी पडते.

उष्णतेचा विचार

उघडा पत्रा दुपारी तापतो आणि खालची जागा भट्टीसारखी होते. फिकट रंगाचा पत्रा सूर्यप्रकाश परत फेकतो, तर गडद निळा किंवा चॉकलेटी पत्रा तो शोषून घेतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये "कूल रूफ" धोरण जाहीर केले, त्यामागे हेच तत्त्व आहे. विदर्भात, मराठवाड्यात आणि उत्तरेच्या मैदानी प्रदेशात रंगाची निवड ही आवडीपेक्षा हवामानाने करावी. बंदिस्त कोठीत छपराजवळ समोरासमोर झडपा असाव्यात. हवा खेळती राहिली, की पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला जमणारे दवही कमी होते. पुढेमागे छपरावर सौर पॅनेल बसवण्याचा मानस असेल, तर तो फॅब्रिकेटरला आधीच सांगावा. पॅनेलांचे वजन आणि त्यांवर येणारा वाऱ्याचा दाब सांगाड्याच्या आखणीतच धरावा लागतो.

जागा आणि परवानगी

शेडची जागा निवडताना आधी मान वर करून पाहावे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर झाड कोसळून, आडोशाला थांबलेल्या सात भाविकांचा मृत्यू झाला. पत्र्याची शेड ऊन-पावसापासून राखते; कोसळत्या झाडापासून किंवा वादळापासून ती आसरा नव्हे. जुन्या झाडाखाली, विजेच्या तारांखाली आणि कच्च्या भिंतीलगत शेड उभारू नये. वादळाच्या वेळी माणसांनी पक्क्या घरातच थांबावे.

"तात्पुरती शेड आहे, तिला परवानगी कशाला?" हा समज अनेकांना महागात पडतो. कुंपणापासून सोडावयाची मोकळी जागा, बांधकामाचे क्षेत्र आणि मालमत्ता कर यांचे नियम प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक स्थानिक संस्थेत वेगळे आहेत. तेव्हा महानगरपालिका, नगरपालिका अथवा ग्रामपंचायत यांच्याकडे आधी लेखी विचारणा करावी.

गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की इमारतीखालील खांबांमधली व उघडी पार्किंगची जागा ही "गॅरेज" नसून सामाईक जागा आहे आणि ती विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये तर गॅरेजची व्याख्याच दिली आहे : ज्याला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती आहेत, ते गॅरेज. याचा अर्थ, उघड्या पार्किंगच्या जागेवर स्वखर्चाने पत्रे टाकल्याने ती जागा कुणा एकाची होत नाही. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव झाल्यावाचून तिथे शेड उभारू नये.

दरपत्रक, रक्कम आणि विमा

किमान तीन फॅब्रिकेटरांकडून दरपत्रके घ्यावीत. परंतु तिघांनाही एकच लेखी तपशील द्यावा. खड्ड्याचे माप, खांबांची संख्या, पाइपाचे माप व जाडी, पत्र्याचा लेप व पोलादाची जाडी, स्क्रूंमधले अंतर, उतार, पन्हळ आणि रंगाचे हात हे सारे त्यात यावे. असे केले नाही, तर तीन दरांची तुलना म्हणजे तीन वेगळ्या वस्तूंची तुलना होते आणि सर्वांत स्वस्त दर हा बहुधा सर्वांत लहान खड्ड्याचा असतो.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी : पहिला हप्ता माल आल्यावर, दुसरा पाया भरून काँक्रीट पक्के झाल्यावर आणि शेवटचा काम पूर्ण झाल्यावर. पायाचा टप्पा स्वतः उभे राहून पाहावा, कारण काँक्रीट भरल्यानंतर खड्ड्याची खोली कुणालाच दाखवता येत नाही. रक्कम धनादेशाने अथवा खात्यातून द्यावी व रीतसर बिल घ्यावे. हमीचा दावा किंवा विम्याचा दावा करण्याची वेळ आली, तर तोच कागद उपयोगी पडतो. घराच्या सुधारणेसाठी अथवा शेतावरील गोदामासाठी कर्जाची सोय असते. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या शाखेत चौकशी करावी, म्हणजे मंजुरीपत्रे आणि दरपत्रके योग्य स्वरूपात तयार ठेवता येतील.

विम्याकडेही लक्ष हवे. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या "भारत गृह रक्षा" या प्रमाणित गृहविम्यात गॅरेज आणि पार्किंगच्या जागेचा समावेश घराच्या इमारतीत केलेला असून, वादळ व चक्रीवादळ यांपासून होणाऱ्या हानीलाही संरक्षण आहे. नवी शेड उभारल्यावर विमा कंपनीला कळवून विम्याची रक्कम त्यानुसार वाढवून घ्यावी. शेडखालच्या गाडीसाठी मात्र गाडीचा सर्वसमावेशक विमाच कामी येतो. केवळ त्रयस्थ पक्षाच्या विम्याने आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही.

देखभाल

शेड उभी राहिली म्हणजे काम संपले, असे नव्हे. दरवर्षी वळिवाच्या आधी, एप्रिलमध्ये, एक तास काढून पुढील गोष्टी पाहाव्यात : स्क्रू ढिले झाले आहेत का, वॉशर फाटले आहेत का, अँकर बोल्टचे नट घट्ट आहेत का, खांबांच्या बुडाशी गंज आहे का, पन्हळीत पाला साचला आहे का. गंजाचा लहानसा ठिपका खरवडून त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावण्यास पंधरा मिनिटे लागतात. तोच ठिपका दोन पावसाळे दुर्लक्षिला, तर पत्रा बदलावा लागतो. कडेला असलेल्या झाडाच्या वाळक्या फांद्याही याच वेळी रीतसर परवानगीने छाटून घ्याव्यात.

पत्र्याची शेड ही घराच्या मानाने लहानशी खरेदी. पण तिच्याखाली कर्ज काढून घेतलेली गाडी असते, हंगामाचे खत असते, कधी घरातील मुले खेळत असतात आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्याचे अंगण असते. तेव्हा फॅब्रिकेटर रंगांचा तक्ता पुढे करील, त्या वेळी ग्राहकाने तो क्षणभर बाजूला ठेवावा आणि पहिला प्रश्न विचारावा : खड्डा किती खोल घेणार? या प्रश्नाचे नेमके, लेखी उत्तर जो देईल, त्याच्याकडे काम सोपवावे. रंग नंतरही निवडता येतो.